साडेसातच्या मालिकेचा त्याग

"बनारसी नेसून भाजी चिरतेय बघा! अकरा हजारांची साडी! अगं बाई, त्या साडीवर तेल उडालं म्हणून रड, मी समजू शकतो. नवऱ्याची आठवण गेली म्हणून काय रडतेस, ती तर मागच्या दिवाळीतही गेली होती!"

जळगावात दाणाबाजाराच्या मागच्या गल्लीत मदनलाल छाजेड यांचं साड्यांचं दुकान आहे. दुकानात मदनशेठ चढ्या आवाजात बोलल्याचं कोणी ऐकलेलं नाही. बाई दोनशे साड्या उलगडून एकही न घेता उठली तरी "पुन्हा या हं ताई" म्हणणारा हा माणूस. वरचं बोलणं घरातलं, आणि तेही फक्त साडेसात ते आठ या वेळातलं. शेठ चौविहार पाळत, म्हणजे सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही. त्यामुळे पाचला दुकान मुलाच्या, अमनच्या हवाली करून ते घरी येत आणि उजेडात जेवण उरकत. मग एवढी मोठी संध्याकाळ करायची काय? पत्नी राजकुंवरबाई 'तोरण माझ्या दारी' नावाची मालिका लावत, शेठ समोर बसत. ते मालिका पाहत नसत हो, गैरसमज नको. ते तिचा निषेध करत. आता निषेध काही पाठ फिरवून करता येत नाही.

मालिका होतीच त्या लायकीची. बारा खोल्यांचा बंगला, त्यात चौदा माणसं आणि नऊशे भागांत त्यातलं एकही कधी कामाधंद्याला गेलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चित्रलेखाकाकू नावाची एक बाई दिवसभर नटूनथटून खिडकीशी उभी राहायची आणि मनातल्या मनात कट रचायची. मनातल्या मनात म्हणजे काय, सगळ्या महाराष्ट्राला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. बंगल्यातल्या चौदा जणांना तेवढं ऐकू येत नसे. अनुप्रिया नावाची सून आठवड्यातले चार दिवस रडायची आणि पाचव्या दिवशी रडायच्या बेतात असायची. तिच्या नवऱ्याची, राजवर्धनची, स्मरणशक्ती दोनदा गेली होती. एकदा जिन्यावरून पडून आणि दुसऱ्यांदा त्याच जिन्यावरून पडून.

"अरे, जिना दुरुस्त करून घ्या की लेको!" शेठ टीव्हीला बजावत. "आणि ही काय भानगड? वीस वर्षांपूर्वीचा प्रसंग दाखवताय आणि काकूच्या अंगावर डिजिटल प्रिंट! वीस वर्षांपूर्वी कुठे होतं डिजिटल प्रिंट? मी होतो ना बाजारात!"

"हो," राजकुंवरबाई मूग निवडता निवडता म्हणत.

शेठचा संताप एवढ्यावर भागत नसे. दर पंधरा दिवसांनी ते गावातल्या दैनिकाच्या 'वाचक लिहितात' या सदराला खरमरीत पत्र पाठवत. 'मालिका की छळछावणी?', 'काकूंना आवरा' अशा मथळ्यांची त्यांची पत्रं छापूनही येत. मदनशेठ आणि ती मालिका यांचा उभा दावा आहे हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक होतं. आणि घोटाळा झाला तो नेमका त्यामुळेच.

आषाढात चातुर्मासासाठी साध्वीजी गावात आल्या. पहिल्या रविवारी जैन स्थानक, म्हणजे प्रवचनाचं सभागृह, गच्च भरलेलं. साध्वीजी त्यागावर फार सुरेख बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "चार महिन्यांसाठी आपली एकेक आवडती गोष्ट सोडू या. ज्यांना पच्चक्खाण घ्यायचं असेल त्यांनी उभं राहावं." पच्चक्खाण म्हणजे साधूसाध्वींसमोर हात जोडून घेतलेला नियम. एकदा घेतला की घेतला, मग त्यात पळवाट नाही.

राजकुंवरबाई बायकांच्या बाजूला उभ्या राहिल्या. पुरुषांच्या बाजूला मदनशेठ मांडी घालून बसले होते आणि त्यांचा डावा पाय तासाभरात पार बधिर झाला होता. पायाला जरा मोकळं करावं म्हणून ते भिंतीला धरून उठले. उठल्यावर समोर साध्वीजी, म्हणून सवयीने हात जोडले गेले. जैन संघाचे मंत्री दीपकभाऊ माईक धरून तयारच होते. माईक हातात आला की दीपकभाऊंना उत्साह आवरत नाही.

"वा वा! मदनलालजी आणि राजकुंवरबाई, जोडीनं पच्चक्खाण!"

सगळं स्थानक "अनुमोदना, अनुमोदना" म्हणू लागलं. शेठच्या पायाला अजून मुंग्या होत्या. खाली बसावं तर चारशे माणसं बघतायत. बसावं तरी काय म्हणून? संघाचे विश्वस्त असलेल्या शेठनी चारशे माणसांत सांगायचं, की माझा फक्त पाय झोपला होता?

"काय सोडणार?" साध्वीजींनी राजकुंवरबाईंना विचारलं.

शेठचा जीव शेवेत अडकला होता. ताटात चिमूटभर शेव नसली तर त्यांचा घास उतरत नसे, आणि ही गोष्ट जगात एकाच व्यक्तीला माहीत होती. ती व्यक्ती आता तोंड उघडत होती.

"साडेसातची मालिका," राजकुंवरबाई म्हणाल्या.

शेठनी सुटकेचा निःश्वास टाकला. सुटकेचा कसला, आनंदाचाच! आणि आनंदाच्या भरात, कोणी विचारलेलं नसताना, ते मोठ्यांदा म्हणाले, "माझंही तेच! ती मालिका डोळ्यांनी पाहणार नाही. चार महिने काय, जन्मभर सांगा!"

साध्वीजींनी चार महिन्यांचंच पच्चक्खाण दिलं. चपला घालताना लोक शेठचे हात हातात घेत होते. "शेठजी, सुटलात हो!" एकजण म्हणाला. शेठ ऐटीत हसले. किती स्वस्तात पडलं, हाच विचार त्यांच्या मनात होता.

सोमवारी साडेसात वाजले. राजकुंवरबाईंनी कोपऱ्यात आसन घातलं, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधली आणि अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसल्या. आता अठ्ठेचाळीस मिनिटं त्या बोलणार नव्हत्या. समोर टीव्ही बंद. शेठ सोफ्यावर बसले. मग उठले. गॅलरीत गेले, आत आले. घड्याळ पाहिलं तर सात पस्तीस. शुक्रवारच्या भागात चित्रलेखाकाकू हातात खिरीची वाटी घेऊन अनुप्रियेच्या दाराशी उभी होती. त्या खिरीत तिनं काय कालवलं होतं?

"मला काय करायचंय!" शेठ स्वतःलाच म्हणाले.

बुधवारपर्यंत त्यांना मूग निवडायची सुद्धा इच्छा होऊ लागली. शुक्रवारी ते गॅलरीत जरा जास्तच वेळ रेंगाळले, कारण शेजारच्या बंगल्यातून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येत होतं. ते संपलं आणि शेजाऱ्यांनी नेमकी खिडकी लावून घेतली. खरं तर शेजारची सगळी मंडळी संघातलीच. शेठजींच्या त्यागात विघ्न नको, म्हणून लोक फार जपत होते. शेठ दिसले की बायका मालिकेचं बोलणं गिळून भाज्यांच्या भावाबद्दल बोलायला लागत. इतका मान शेठला आयुष्यात मिळाला नव्हता आणि इतका राग कधी आला नव्हता.

शेवटी त्यांनी धंद्याच्या बाजूनं विचार केला. गिऱ्हाइकं दुकानात येऊन "काकूनं नेसली होती तशी दाखवा" म्हणतात की नाही? म्हणतात. मग काकूनं काय नेसलं ते दुकानदाराला कळायला नको? आणि पच्चक्खाण डोळ्यांनी न पाहण्याचं आहे. कोणी तोंडानं माल सांगितला, तर तो ऐकणं हा व्यापार झाला. झालं! शेठनी दुकानातल्या सर्वांत जुन्या माणसाला, नवलभाऊंना, रोज मालिका पाहायच्या कामावर नेमलं. नवलभाऊ साठीला आलेले. गादीवर बसून त्यांनी दोन पिढ्यांच्या लग्नाचे बस्ते दाखवलेले.

"काय झालं काल?" मंगळवारी शेठनी विचारलं.

"काही नाही. रडल्या."

"कोण?"

"बायका."

"किती जणी?"

"मोजल्या नाहीत शेठ."

"नवलभाऊ, खीर! खिरीचं काय झालं?"

नवलभाऊंनी बरंच आठवून पाहिलं. "खीर होती खरी," ते म्हणाले. "मग माझा डोळा लागला."

ही सगळी झडती ताईबाई ऐकत होती. ताईबाई म्हणजे दुकानातल्या साड्यांना फॉल लावून देणारी बाई. माहेर आणि सासर दोन्ही पाचोऱ्याकडचं, आता मेहरूणला तलावाच्या बाजूला दोन खोल्यांत राहायची. रोज अकराला आदल्या दिवशीच्या साड्या परत आणायची आणि नवं गाठोडं न्यायची. एरवी तिचं आणि शेठचं बोलणं दोऱ्याच्या रंगापलीकडे कधी गेलं नव्हतं. पण नवलभाऊंचं हे असलं सांगणं तिला सहन होईना.

"ओ शेट, यास्ले काय इचारतस? मी सांगस ना," ती गाठोडं खाली ठेवत म्हणाली. "ती खीर काकूनी सुनले दिन्ही. पन सून रडी ऱ्हायंती ना, तिना हातमातून वाटी पडनी, आनी खीर मांजरनी खाई लिन्ही!"

"मांजर?" शेठ ओरडले. "नऊशे भागांत त्या घरात मांजर नव्हतं! आणलं कुठून?"

"खीरसाठीच आनं व्हई!"

"मूर्ख आहेत साले!" शेठ म्हणाले, आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला. "नवलभाऊ, ताईबाईला चहा सांगा."

त्या दिवसापासून रोज अकराला गादीवर चहा येऊ लागला. ताईबाई सांगायची आणि शेठ निषेध करायचे. नवलभाऊ साड्यांच्या घड्या घालायच्या निमित्तानं जवळ सरकायचे. गिऱ्हाईक आलंच तर तेही टेकायचं, चहा घ्यायचं आणि जाताना लाजेकाजेनं एखादी साडी घेऊन जायचं. शेठची तब्येत सुधारली. घरी मात्र ते साडेसातला येरझारा घालत, कारण उद्याचे अकरा वाजायला फार वेळ असे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ताईबाई आली ती पडेल चेहऱ्यानं.

"शेट, ती साडेसातनी शिरेल ते—"

"थांब!" शेठनी हात वर केला. "चेहऱ्यावरूनच कळतंय काहीतरी मोठं झालंय. शेवट आधी सांगायचा नाही. आधी चहा घे, मग पहिल्यापासून सांग."

ताईबाईनं नवलभाऊंकडे पाहिलं. नवलभाऊंनी साडीकडे पाहिलं. चहा आला. ताईबाईनं तो सावकाश प्यायला, कप खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "काल्दिन काय व्हयनं, सून उठनी. पदर खोचा. आनी काकूले सांगं, 'तुम्हनी भाकर तुम्ही थापा. मी चालनी.'"

"रडली नाही?" शेठ म्हणाले.

"नही."

"अजिबात?"

"रडाले टाईम कोले शे? तिले कामले जानं व्हतं."

निषेध करायला शेठनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मालिकेनं जी कात टाकली, ती टाकली. अनुप्रिया बंगल्यातून बाहेर पडली आणि एका तलावाच्या बाजूला दोन खोल्यांत राहू लागली. साड्यांना फॉल लावून पोट भरू लागली. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊ लागली. काळ्या साडीला फॉल लावताना दुपारीच बसावं, दिव्यात टाका दिसत नाही, इतके बारकावे मालिकेत येऊ लागले. राजवर्धनची आठवण परत आली तेव्हा तिनं त्याला विचारलं, "आधी सांग, काम काय करतोस?" तिकडे काकू बंगल्यात एकटी पडली. कट करावा तर कोणाविरुद्ध? खिडकीशी उभं राहून बोलावं तर ऐकायला कोण?

"याला म्हणतात लेखन!" शेठ गादीवर थाप मारून म्हणाले. "नवलभाऊ, मी सांगतो, लेखक बदलला. हा नवा माणूस खान्देशातला असणार. कळण्याची भाकरी पुण्यामुंबईच्या माणसाला सुचायची नाही!"

"नाही सुचायची," नवलभाऊ म्हणाले आणि त्यांना एकदम खोकला आला.

"फॉलचं तर इतकं बरोबर दाखवतायत! कोणाला तरी विचारून करत असतील, काय गं ताईबाई?"

"इचारतच व्हतीन ना," ताईबाई म्हणाली आणि चहाच्या कपात बघू लागली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा चाळीस वर्षं बाजारात मुरलेला माणूस, हातात कापड घेतलं की गिरणी सांगणारा, त्याला यातलं काहीच कळू नये? नाही कळलं. नऊशे भाग शिव्या घातलेल्या माणसाला पहिल्यांदा कौतुक करायला मिळालं होतं आणि ते सुख काही लहान नसतं. शेठनी त्याच रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकानाच्या कागदावर 'वाचक लिहितात'साठी पत्र लिहिलं. लिहिताना त्यांचे डोळे जरा ओले झाले होते म्हणतात.

पत्र छापून आलं ते पर्युषणाच्या आठ दिवसांतल्या सातव्या दिवशी. दुसऱ्या दिवशी संवत्सरी, सगळ्या जगाची क्षमा मागायचा दिवस. पत्र आलं त्या सकाळी प्रवचनाला स्थानकात मुंगीला जागा नव्हती. प्रवचन संपत आलं आणि दीपकभाऊ पेपर हातात धरून शेठपाशी आले. त्यांचा चेहरा कोणी गेल्यासारखा झाला होता.

"मदनलालजी, हे तुमचंच पत्र ना?"

"हो. छापलं का?" शेठ खुलले. "अर्धं कापलं असेल लेकांनी."

दीपकभाऊंनी माईक बंद होता तरी माईकवरच्याच आवाजात वाचलं, "'अनुप्रियेनं स्वाभिमानानं घर सोडलं तो भाग पाहताना ऊर भरून आला.' पाहताना! शेठजी, पाहताना!"

शेठनी वाकून ती ओळ स्वतः वाचली. ऊर भरून आल्याच्या नादात त्यांनी 'ऐकताना'च्या जागी 'पाहताना' लिहून टाकलं होतं, कारण पत्रात तसंच लिहितात. चारशे डोकी त्यांच्याकडे वळली. हीच माणसं, ज्यांनी दीड महिना त्यांच्यासाठी खिडक्या लावून घेतल्या होत्या. विश्वस्तानं साध्वीजींसमोर घेतलेलं पच्चक्खाण मोडलं आणि वर पेपरात छापून आणलं! उद्या दुकानात 'रंग जाणार नाही' असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल?

"मी पाहिलं नाही," शेठ म्हणाले. "शपथ नको घ्यायला, पण डोळ्यांनी एक भाग पाहिलेला नाही."

"मग हे कुठून लिहिलं? तलाव, फॉल, भाकरी, सगळं तपशीलवार आहे!"

"ऐकलं. दुकानात ताईबाई येते, ती सांगते."

"सगळे असंच म्हणतात," मागून कोणीतरी बोललं.

दीपकभाऊंनी पेपर बायकांच्या बाजूला दिला. तो हातोहात फिरला. मग तिथे कुजबुज सुरू झाली, ती वाढत गेली आणि शेवटी सुलक्षणाबाई नावाच्या शिक्षिका उठून उभ्या राहिल्या. त्यांनी काहीच सोडलेलं नसल्यामुळे त्या रोज टीव्ही पाहत.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "हे असं काही मालिकेत झालेलंच नाही."

"म्हणजे?" दीपकभाऊ म्हणाले.

"अहो, ती मालिका पंधरा ऑगस्टच्या आधीच बंद पडली. कोणी बघेनाच. शेवटच्या भागात सगळे एकदम सत्यनारायणाला बसले आणि काकू रडून चांगली झाली. साडेसातला आता गाण्यांचा कार्यक्रम असतो. अनुप्रियेनं घरही सोडलं नाही आणि फॉलही लावला नाही. तिला सुई धरता येत नव्हती!"

मग पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी फस्सकन हसलं. मग बायका. मग सगळं स्थानक. दीपकभाऊ हसू दाबताना लालबुंद झाले. जी मालिका महिन्याभरापूर्वीच मेली होती तिचं कौतुक पेपरात छापून आणणारा माणूस, आणखी काहीही असेल, पण त्यानं मालिका पाहिली नव्हती एवढं मात्र सिद्ध झालं. पच्चक्खाण शाबूत राहिलं. शेठची अब्रू मात्र त्याच्या बदल्यात गेली. त्यांच्या डोळ्यांसमोर तलाव, दोन खोल्या, कळण्याची भाकरी हे सगळं एकामागून एक येत होतं आणि प्रत्येक गोष्टीला ताईबाईचं तोंड होतं.

साध्वीजीसुद्धा हसत होत्या. "मदनलालजी, तुमचा नियम अगदी पक्का आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांचं झालं. आता कानांचंही पच्चक्खाण देऊ का?"

हे सगळं होईपर्यंत मदनशेठ हात जोडून उभे होते. प्रश्न ऐकताच ते इतक्या झटकन खाली बसले की शेजारच्याच्या मांडीवर बसले.

संवत्सरीच्या संध्याकाळी घरी राजकुंवरबाई हात जोडून शेठसमोर आल्या. "मिच्छामि दुक्कडम. वर्षभरात काही दुखावलं असेल तर क्षमा करा."

"मिच्छामि दुक्कडम," शेठ तुटकपणे म्हणाले. मग न राहवून, "तुम्हाला माहीत होतं? मालिका बंद पडल्याचं?"

"नाही. मला काय करायचंय त्या मालिकेचं? मी ती कधी पाहिलीच नाही."

"चार वर्षं रोज लावत होतात!"

"लावत होते. पाहत कुठे होते?" राजकुंवरबाई म्हणाल्या. "मी तुमच्याकडे बघायची. तुम्ही त्या काकूवर ओरडायला लागलात की काय मजा यायची! दिवसभर ते 'हो ताई, या ताई' आणि घरी आल्यावर तोंडातून शब्द नाही, तो त्या अर्ध्या तासात काय तो फुटायचा." त्या जरा थांबल्या. "आणि आणखी एक क्षमा मागायची राहिली. सामायिकात डोळे मिटून बसायचं, तर मी एक डोळा किलकिला ठेवायची. तुमच्या येरझारा बघायला. माझी मालिका बंद पडलीच नव्हती."

मालिकेला नावं ठेवता ठेवता आपण स्वतः चार वर्षं रोज लागत होतो, हे पचवायला शेठना वेळ हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि अकराला ताईबाई गाठोडं घेऊन आली. तिला सगळं कळलेलं होतं, मेहरूणपर्यंत बातमी पोचली होती. ती दाराशीच उभी राहिली. नवलभाऊ एकाच साडीची तिसऱ्यांदा घडी घालत होते. शेठ गादीवर ताठ बसले होते. रात्रभर त्यांनी मनात जे जे जुळवलं होतं ते सगळं जिभेवर होतं, पण संवत्सरीच्या दुसऱ्याच दिवशी कोणावर ओरडायचं म्हणजे फारच झालं असतं.

"मिच्छामि दुक्कडम," ते दात ओठ खात म्हणाले.

"माफी ते मी मांगाले जोयजे शेट," ताईबाई म्हणाली. "पन शिरेल बंद पडनी तो पहिलाच दिन मी सांगाले बसनी व्हती. तुम्हीच बोलनात, 'शेवट पहिले सांगू नको.' मंग चहा उना. फुकटना चहा कसा पेऊ? जे सुचनं ते सांगी टाकं."

"आणि नवलभाऊ, तुम्ही?"

"मला पुढे काय होतंय ते ऐकायचं होतं, शेठ," नवलभाऊ म्हणाले.

"चारशे माणसांत माझं हसं झालं!" शेठचा आवाज शेवटी चढलाच. दुकानात प्रथमच. "खोटारडेपणाचा कळस! उद्यापासून साड्या घ्यायच्या, साड्या द्यायच्या. बस्स! एक शब्द बोलायचा नाही!"

ताईबाईनं मान हलवली. आदल्या साड्या मोजून दिल्या, नवं गाठोडं बांधलं आणि ते डोक्यावर घेऊन ती पायऱ्या उतरू लागली. पहिली पायरी, दुसरी पायरी. शेठनी हिशेबाची वही उघडली. मिटली. गल्लीत बघितलं. मग नवलभाऊंकडे बघितलं, तर ते आधीच शेठकडे बघत होते.

"ताईबाई!"

ती वळली.

"ती काकू," शेठ कोणी ऐकत नाही ना ते पाहून हळूच म्हणाले, "त्या दिवशी ती फाटकी साडी घेऊन सुनेच्या दाराशी आली होती. सुनेनं दार उघडलं का?"

ताईबाईनं गाठोडं डोक्यावरून काढलं आणि गादीच्या कडेला ठेवलं.

"पहिले चहा सांगा," ती म्हणाली.

नवलभाऊ केव्हाच उठले होते. "आणि ऐक," शेठ सरसावून बसले, "ते दार उघडल्यावर गळ्यात पडून रडारड केली असेल तर आधीच सांगून ठेवतो, तो निव्वळ मूर्खपणा आहे! असं कुठे असतं का?"

"शेट," ताईबाई म्हणाली, "तुम्हले गोष्ट ऐकनी शे, का भांडन करनं शे?"

शेठनी विचार केला.

"दोन्ही," ते म्हणाले. "आणि जरा थांब, सुरू करू नको. घरी फोन लावतो. आमच्या बाईंना बोलवून घेतो."